कपाटातलं वाचन

१

तिसरीतली निशा भोईर शाळेत एक अक्षर बोलत नसे. त्याच निशाने वाचनाच्या चाचणीत शाळेत पहिला नंबर काढला, आणि त्यावरून शाळेवर चौकशी बसली.

चौकशीला आल्या त्या सुचेता कर्णिक. शिक्षण विभागात विस्तार अधिकारी. त्याआधी कितीतरी वर्षं त्यांनी पहिलीचा वर्ग घेतला होता, त्यामुळे भिवंडीच्या बाजारातले टक्कल पडलेले दुकानदारही त्यांना पाहिलं की गल्ल्यावरून उठून उभे राहत. अंगावर इस्त्रीची सुती साडी, पर्समध्ये आवळासुपारीची डबी. कोणाला प्रश्न विचारायचे असले की बाई आधी ती डबी पुढे करत. तोंडात आवळा असला की माणसाला खोटं बोलायला जड जातं, असं त्यांचं मत होतं.

शाळा कल्याण रस्त्यावर, कोन गावाच्या अलीकडे. एका अंगाला गोदामं, दुसऱ्या अंगाला कापडाच्या लूमचे कारखाने. दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. मुख्याध्यापक शरच्चंद्र सबनीस फाटकातच उभे होते. त्यांनी आवळा घेतला आणि चघळायचं विसरून गालातच धरून ठेवला.

"मॅडम, पंचवीस-तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या शाळेवर कधी डाग नाही लागला," ते म्हणाले. "आणि आता सगळ्या शाळेचा निकाल अडकलाय. 'पाठसोबती'ने."

पाठसोबती ही केंद्राची योजना. देशभरच्या प्राथमिक शाळांना तिच्यातून टॅब मिळाले होते. मुलाने टॅबसमोर धडा वाचायचा, आतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेने तो ऐकायचा आणि गुण द्यायचे. बरोबर वाचलेला शब्द हिरवा, चुकलेला लाल. कोनमधल्या मुलाचं वाचन दिल्लीत बसलेल्या माणसाला त्याच दिवशी दिसायचं.

"निशाची दरवर्षी चाचणी व्हायची आणि दरवर्षी शून्य यायचं," सबनीस सांगू लागले. "ती टॅबसमोर गप्प बसून राहायची. शेवटी पाठसोबतीनेच शिफारस केली, की या मुलीला ठाण्याच्या विशेष शाळेत पाठवा. पालकांची संमतीही आली. येत्या सोमवारी ती जायची होती. आणि मध्येच हे!"

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा बाईंकडे वळवला. निशा भोईर, तिसरी. सगळे शब्द हिरवे. खाली लाल पट्टी होती: 'आवाजाची ओळख पटत नाही. गैरप्रकाराची शक्यता.'

"कधी झालं हे वाचन?"

"शाळा उघडली त्या सकाळी, प्रार्थनेच्या वेळी. पण मॅडम, तेव्हा सगळे टॅब चार्जिंगला लावून मी या लोखंडी कपाटात बंद केले होते. किल्ली माझ्या खिशात."

"आणि निशा?"

"मैदानात, रांगेत उभी. मी स्वतः पाहिलं तिला."

बाई कपाटाजवळ गेल्या. कुलूप ओढून पाहिलं. शाबूत होतं.

"म्हणजे सबनीस सर," त्या म्हणाल्या, "न बोलणाऱ्या मुलीने मैदानात उभं राहून बंद कपाटात धडा वाचला."

सबनीसांनी आवळा गिळला.

२

बाईंनी ते वाचन डोळे मिटून ऐकलं. समोर वर्गशिक्षिका रीमा तरे बसली होती. वय पंचविशीच्या आसपास, रडून डोळे सुजलेले.

आवाज लहान मुलीचा होता. स्वच्छ, थोडा हुकमी.

'समुद्र शांत होता.' मग शांतता. 'क्षितिजावर एक गलबत दिसत होते.' पुन्हा शांतता, या वेळी जरा मोठी. मग तोच शब्द, तोडून: 'क्षि. ति. जा. वर.' शांतता. 'किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी जाळे विणत बसला होता.' आणि मग इतकी लांब शांतता की बाईंना वाटलं, संपलं. पण आवाज पुढे निघाला.

"हा निशाचा आवाज आहे?"

"मला काय माहीत, मॅडम?" रीमाने पुन्हा डोळे पुसले. "मी तो कधी ऐकलाच नाही. या वर्षीच मला हा वर्ग मिळाला. ती हसते, मान हलवते, डबा वाटून खाते. शुद्धलेखनात एक चूक नसते तिची. फक्त तोंडातून आवाज काढत नाही. आणि आता ऑफिसात सगळे म्हणतायत, की मी तिच्या जागी दुसरी मुलगी बसवली."

"बसवलीस?"

"नाही. पण खरं सांगू? सुचलं असतं तर बसवलीही असती." रीमाने नाक पुसलं. "ती वेडी नाहीये हो. मी त्या विशेष शाळेत जाऊन आले. चांगली शाळा आहे, पण ती निशासाठी नाही."

"मग वडिलांना सांगितलं नाहीस?"

"कितीदा! मोबाइलवर मेसेज लिहिला, 'निशा शाळेत बोलत नाही, भेटायला या.' उत्तर काय, तर अंगठा. पुन्हा लिहिलं, पुन्हा अंगठा. विशेष शाळेचं सबनीस सरांनी सविस्तर लिहून पाठवलं, 'आपली संमती आहे का?' त्यालाही अंगठा. गोदामांचे मालक आहेत ते, महादूशेठ. पालकसभेला स्वतः येत नाहीत. ड्रायव्हरला पेढ्यांचा बॉक्स देऊन पाठवतात."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मधल्या सुट्टीत दोन वेण्यांची एक मुलगी दोरीवरच्या उड्या मारत होती. बाकीच्या मोठ्याने आकडे म्हणत होत्या. तिचे फक्त ओठ हलत होते.

"तीच का?"

रीमाने मान हलवली. मग एकदम आठवल्यासारखी पुढे सरकली. "मॅडम, तुम्ही मिहिर सरांना विचारा. हे टॅब तेच बघतात. ट्रेनिंगला त्यांनी आम्हाला एक गंमत दाखवली होती. माझा आवाज यंत्रात घातला आणि मी कधी न बोललेलं वाक्य माझ्याच आवाजात काढून दाखवलं!"

३

मिहिर खरे बाइकवरून आला, पाठीवर लॅपटॉपची बॅग. तालुक्याच्या सगळ्या शाळांमधले टॅब त्याच्याकडे होते. त्याने आवळा नाकारला, म्हणाला दात आंबतात. बाईंनी तेवढ्यापुरता संशय वाढवला.

"आवाज बनवता येतो, मॅडम," तो म्हणाला. "पण त्याला आधी त्या माणसाचा थोडा तरी आवाज लागतो. निशाचा आवाज आहे कुठे?"

"कुठेच नाही?"

त्याने शोधलं आणि थबकला. "आहे. पहिलीतला. थोडासाच."

पहिलीच्या सुरुवातीला निशा टॅबसमोर बोलली होती. पडद्यावर तिचे जुने शब्द उमटले. बहुतेक हिरवे, मध्येच लाल. बाईंनी चष्मा पुसून लाल शब्द वाचले. 'आहे' लाल. 'नाही' लाल. पुन्हा 'नाही', पुन्हा लाल. त्यानंतर कोरं. दुसरीत कोरं. तिसरीतही कोरं.

"ऐकव जरा."

चिमुकला आवाज आला, 'माझा घर कोनला हाय.' लगेच यंत्राचा भोंगा, आणि बाईच्या गोड आवाजात, 'चुकलं! पुन्हा वाच.' मागे पोरांच्या हसण्याचा गलका.

बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"यावरून तू नवा आवाज बनवलास का, मिहिर?"

"नाही, मॅडम. आणि बनवलेला आवाज असा मध्येच शब्द तोडत बसत नाही. तो सरळ वाचतो. हे माणसाचंच वाचन आहे."

"मग बंद कपाटात कसं झालं ते सांग."

मिहिर ओशाळला. "ते मी आधीच सांगायला हवं होतं. टॅबला इंटरनेट नसलं की वाचन आतच पडून राहतं. नेट मिळालं की ते दिल्लीला जातं, आणि जाण्याची वेळ हीच चाचणीची वेळ म्हणून दिसते. आमच्या यंत्रणेतली जुनी खोड आहे ही. कपाटात चार्जिंगला लावल्यावर शाळेचं वायफाय मिळालं असणार."

"म्हणजे वाचन त्याआधी कधीही झालेलं असेल."

"सुट्टीत सगळे टॅब मुलांच्या घरी होते. सरावासाठी."

"आणि या वाचनात मागे एकही आवाज कसा नाही? लूम नाही, हॉर्न नाही, कुत्रं नाही."

"यंत्र पुसून टाकतं. वर्गात गोंगाट असतो ना, म्हणून मुलाचा आवाज तेवढा ठेवतं. दुसरी माणसं बोलत असली तर तीही जातात. पहिलीतल्या जुन्या टॅबना ही सोय नव्हती."

"पुसलेल्या जागी काय राहतं?"

"काही नाही. शांतता."

बाईंनी डबी उघडली, स्वतःच एक आवळा तोंडात टाकला. "घरी सराव करायला दिला होता, तर चाचणी कशी झाली?"

मिहिरने एक टॅब सुरू करून दाखवला. पडद्यावर दोन बटणं, दोन्ही निळी, दोन्ही सारखी. एकावर लिहिलेलं 'सराव', दुसऱ्यावर 'चाचणी'. त्याने 'चाचणी' दाबलं. अक्षरं आली: 'ही अंतिम चाचणी आहे. गुण कायम राहतील. पुढे जायचे?' खाली 'होय' आणि 'नको'.

"सरावाचं वाचन पाठवलं जात नाही. कोणीतरी 'चाचणी' दाबलं, हे सगळं समोर आलं, आणि तरी 'होय' दाबलं."

"तो टॅब कोणाच्या घरी होता?"

मिहिरने पाहून सांगितलं, "निशाच्याच."

४

महादू भोईर यांचं घर कोनमध्ये, गोदामांच्या मागे. दारात तुळस, बाजूला टेम्पो, ओसरीवर झोपाळा. महादूशेठ धिप्पाड होते. पांढरा शर्ट, गळ्यात चेन, आणि आवाज इतका मोठा की ते कुजबुजले असते तरी रस्त्यावर ऐकू गेलं असतं.

"बसा, बसा मॅडम! आक्का, सरबत आन गो! शालेतना मॅडम आल्यान."

धोंडूबाई, त्यांची मोठी बहीण, सरबत घेऊन आल्या. मागोमाग निशा दारात आली, बाईंना पाहिलं आणि खांबाला चिकटून उभी राहिली. ओठ घट्ट मिटलेले.

"ये ना," बाई म्हणाल्या. निशा आत पळाली.

"लाजतं ते," धोंडूबाई हसल्या. "एरवी घरात हिच्या तोंडाला दम न्हाय. बापाला तर सकाल-सांज हुकूम सोरतं."

महादूशेठ एकदम खाकरले. धोंडूबाई तशाच आत वळल्या.

बाईंनी आवळा पुढे केला. महादूशेठनी मूठभर घेतला. "सुट्टीत टॅब घरी होता ना, महादूशेठ?"

"व्हता. पोर वाचत व्हती. लई हुशार हाय माजी पोर."

"त्यात एक चाचणी झालीये. कोणी घेतली?"

"मना काय म्हाईत, मॅडम? ती पोरांची खेलनी."

तेवढ्यात त्यांचा मोबाइल वाजला. पडद्यावर हिरव्या टेम्पोचा फोटो आला. "भावेशचा हाय, ड्रायव्हर," म्हणत त्यांनी तो बंद केला. लगेच पुन्हा वाजला, या वेळी शटरचा फोटो. "गोदामाचा मॅनेजर. थांबा, मॅडम." त्यांनी मोबाइल तोंडाजवळ धरला, बटण दाबून म्हणाले, "मंग बोलतो रे," आणि तो आवाज तसाच पाठवून दिला.

बाईंनी पर्समधून शाळेचं चौकशीचं पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. "हे जरा पाहता?"

"तुमीच वाचा, मॅडम. तुमच्या तोंडाना बरा वाटतं."

बाईंनी वाचून दाखवलं. मग सहज विचारावं तसं म्हणाल्या, "आणि निशाच्या नव्या शाळेला तुमची संमती आहे ना?"

महादूशेठच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग ते मोठ्याने हसले. "बाई बोलतील ते बराबर. शालेच्या कामात आमी मदी येत न्हाय."

बाई उठल्या. धोंडूबाईंनी त्यांच्या पदरात ओटीचे तांदूळ घातले. रिक्षा गोदामांच्या रांगेवरून निघाली, कल्याण रस्त्याला लागली. एका मोठ्या ट्रकमागे ती अडकली तेव्हा बाई स्वतःशीच ते वाचन पुटपुटत होत्या. क्षितिजावर. क्षि, ति, जा, वर.

पुटपुटता पुटपुटता त्या थांबल्या.

"भाऊ," त्या रिक्षावाल्याला म्हणाल्या, "मागे वळव. पुन्हा कोनला."

५

महादूशेठ गोदामात होते, कापडाच्या गाठींमध्ये एकटे. बाईंना परत आलेलं पाहून ते उभे राहिले.

"महादूशेठ, मला उलगडलं ते मी शाळेत सगळ्यांसमोर सांगणार होते," बाई म्हणाल्या. "पण ते आधी तुम्हालाच सांगते. हे ऐकणारं इथे दुसरं कोणी नाही ना?"

"न्हाय."

बाई एका गाठीवर बसल्या.

"मी पहिलीचा वर्ग पुष्कळ वर्षं घेतला. ज्या मुलाला वाचायला जमत नाही, ते आधी शब्द तोडतं आणि मग जोडतं. क्षि, ति, ज, क्षितिज. या वाचनात उलट आहे. आधी अख्खा शब्द सरळ म्हटलाय, आणि मग तोडलाय. स्वतः अडणारा माणूस असं करत नाही. दुसऱ्याला शिकवणारा करतो."

महादूशेठनी गाठीची सुतळी बोटाला गुंडाळली.

"प्रत्येक वाक्यानंतर शांतता आहे. वाक्य लहान तर शांतता लहान, वाक्य लांब तर शांतता लांब. ती थांबायची, आणि कोणीतरी तिच्यामागून तेच वाक्य म्हणायचं. यंत्राने त्या माणसाचा आवाज पुसून टाकला. जागा मात्र राहिली."

बाहेर टेम्पो मागे घेताना कोणीतरी ओरडत होतं, आने दो, आने दो.

"आता बटण. ते रीमाने दाबलं असतं तर 'चाचणी' असं वाचूनच दाबलं असतं, आणि तिच्या गळ्याशी येणारी गोष्ट तिने अशी उघड्यावर सोडली नसती. मिहिरला तर वेळेची खोड ठाऊक होती, त्याने ते वाचन असं बंद कपाटातलं दिसू दिलं नसतं. सबनीस सरांना शाळेचं नाव सांभाळायचं होतं, ते असल्या भानगडीत पडणार नाहीत. निशाने दाबलं म्हणावं, तर तिला इतकं सुरेख वाचता येतं. शाळेतल्या ज्या चाचणीला ती तीन वर्षं तोंड उघडत नाही, तीच ती घरी आपणहून कशी सुरू करेल? 'अंतिम चाचणी, पुढे जायचे?' हे समोर असताना 'होय' दाबणारा माणूस एकच. ज्याला ती अक्षरं कळली नाहीत असा."

बाईंचा आवाज अगदी हळू झाला. "तुमच्या फोनमध्ये नावं नाहीत, चित्रं आहेत. तुम्ही लिहून काही पाठवत नाही, बोलून पाठवता. आणि शाळेच्या लांबलचक मेसेजला अंगठा."

महादूशेठ समोरच्या गाठीवर बसले. मोठा माणूस बसला की गाठ दबते, तशी ती दबली.

"वैशाली व्हती तवर मना कदी नड न्हाय झायली," ते म्हणाले. "माजी बायको. सगला तीच वाचायची. जमिनीचं, गोदामाचं, बँकेचं. मी निसती सही करायचो. दोन वर्सांपूर्वी ती गेली. आन मंग मना समजला, आपुन आंधला हाय." त्यांनी तळहाताने डोळे पुसले. "निशानीच वलखला. बोलली, पप्पा, तुमाला वाचता न्हाय येत ना? मी शिकवतंय. दिवालीत रोज बसायचो, हितंच, माल उतरला की. ती थकली तर मीच टॅब चालू करायचो. कनचा बटन दाबला, मना काय ठाव?"

"तुम्ही पालकसभेला का आला नाहीत?"

"आल्या आल्या प्रगतीपुस्तक हातात देतात, मॅडम. वाचा बोलतात. चारचौगांत मी काय बोलू?" मग ते बाईंकडे पाहू लागले. "पन मॅडम, तुमी मगाशी काय बोलल्या? तीन वर्सं तोंड उघरत न्हाय? कोन?"

बाईंना वाटलं होतं, ओसरीवरच्या त्या हसण्यामागे त्यांना अर्धंमुर्धं तरी माहीत असेल. आता कळलं की त्यांना काहीच माहीत नाही.

"निशा शाळेत बोलत नाही, महादूशेठ. पहिलीपासून. एक शब्द नाही."

"माजी निशा?" ते हसायला गेले. "ती तर मना झोपू देत न्हाय बोलून बोलून!"

बाईंनी त्यांच्याकडे फोन मागितला. त्यांनी दिला. रीमाचे मेसेज बाईंनी एकेक करून वाचून दाखवले. निशा आज वाचनाला गप्प बसली. निशाच्या मैत्रिणी तिच्या वतीने बोलतात. महादूभाऊ, कृपा करून एकदा भेटायला या. मग सबनीसांचा: निशाला ठाण्याच्या विशेष शाळेत पाठवण्यास आपली संमती आहे का?

प्रत्येक मेसेजच्या खाली त्यांचा अंगठा होता.

"मना वाटला, फी-बिची असंल, सुट्टीची असंल," महादूशेठ पुटपुटले. "मी माज्याच पोरीला..."

ते उठले आणि घराकडे चालू लागले. बाई मागोमाग गेल्या. निशा ओसरीवर झोपाळ्यावर बसली होती. महादूशेठ तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"शालेत का बोलत न्हाय गो?"

निशाने बाईंकडे पाहिलं. बाई पाठ करून तुळशीकडे पाहत उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने मागून तो आवाज आला, रेकॉर्डिंगमधलाच, पण आता अगदी बारीक.

"मी हाय बोललं की टॅब लाल व्हतो. न्हाय बोललं की लाल व्हतो. मंग सगली हसतात."

"मना का न्हाय सांगितला?"

"आई दवाखान्यात व्हती."

६

पुढे सुचेताबाईंनी जो अहवाल दिला, त्यामुळे शाळेचा निकाल सुटला, रीमावरचा ठपका गेला आणि विशेष शाळेची शिफारस रद्द झाली. अहवालात बाईंनी आणखी एक गोष्ट लिहिली: आगरी, कुणबी, कोळी घरांतली मुलं घरी जी मराठी बोलतात, ती यंत्राला आधी ऐकवावी आणि मगच त्याला लाल-हिरवं करू द्यावं. वरून उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे. बाईंनी दर महिन्याला तीच सूचना पुन्हा पाठवायला सुरुवात केली. मिहिर तोवर थांबला नाही. तो कोनला जाऊन धोंडूबाई आणि त्यांच्या शेजारणींचं बोलणं टॅबवर भरून घेऊ लागला, आणि दर वेळी सरबत पिऊन आला.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ओसरीवरून बाई निघाल्या, तेव्हा महादूशेठ त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मॅडम, उद्या मी शालेत येतो."

"सबनीस सरांना मी सांगेन काय सांगायचं ते. तुमचं नाव न घेताही सांगता येईल."

"न्हाय. तसा नको. पोर हसन्याला भ्यायली ना? मंग आदी मना हसू दे त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खरंच आले. ड्रायव्हर नाही, पेढे नाहीत. तिसरीच्या वर्गात रीमाशेजारी उभे राहिले, तेव्हा फळा अर्धा झाकला गेला. निशा खिडकीजवळच्या बाकावर, मान खाली घालून बसली होती. दाराशी सबनीस सर आणि त्यांच्यामागे सुचेताबाई.

"पोरांनो," महादूशेठ म्हणाले, "मी निशाचा पप्पा. मना वाचता येत न्हाय. आता शिकतंय. तुमाला वाचून दाखवतो. चुकला तर सांगा."

वर्गात कोणी हललं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला वाचता येत नाही, हे त्या मुलांनी कधी ऐकलं नव्हतं. रीमाने पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं. त्यांच्या पंजात ते पोस्टकार्डाएवढं दिसत होतं.

"स. मु. द्र." त्यांनी घाम पुसला. "समुद्र. शां. त. शांत होता." बोट खाली, म्हाताऱ्या कोळ्याच्या बोलण्यावर सरकलं. "आ. ज. आज. वा. रा. आज वारा..." पुढच्या शब्दावर ते थांबले. बोट तिथेच रुतलं. मग घाईने म्हणाले, "आज वारा न्हाय."

मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. ते हसणं पुढे आलं, दुसऱ्या बाकावर, तिसऱ्या बाकावर. रीमाने हात वर केला, पण महादूशेठनी तिच्याकडे पाहून नको अशी मान हलवली. त्यांचे कान लाल झाले होते. बोट मात्र त्यांनी शब्दावरून काढलं नाही.

"हसू नका!"

खिडकीजवळून आलेला तो आवाज वर्गातल्या कोणीच पहिलीनंतर ऐकला नव्हता. निशा उभी होती.

"हसू नका. पप्पा शिकतो हाय."

हसणं थांबलं. तिच्या शेजारच्या मुलीने तोंडावर हात ठेवला. रीमा भिंतीला टेकली. निशा बाकातून बाहेर आली, फळ्याकडे गेली, आणि वडिलांच्या हातातल्या पुस्तकापर्यंत पोचायला टाचा उंचावून तिने त्या शब्दावर आपलं बोट ठेवलं.

"घरी न्हाय बोललं तरी चालतं," ती म्हणाली. "पुस्तकात ना-ही लिवलंय. परत वाचा. सगल्यांनी वाचा."

"ना-ही," महादूशेठ म्हणाले. आणि त्यांच्यामागून सगळा वर्ग म्हणाला.

निशाने मागच्या बाकावरच्या हसणाऱ्या मुलाला पुढे बोलावलं, पुढचं वाक्य त्याच्याकडून वाचून घेतलं, आणि त्याचा उच्चार दुरुस्त केला. मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. सबनीस सर चष्मा काढून रुमालाने पुसत होते, जरा जास्तच वेळ.

"सर," निशा म्हणाली, "तुमी उभे का? तुमी बी बसा."

सबनीसांनी मागे वळून सुचेताबाईंकडे पाहिलं. मग सर आत आले, गुडघे वळवून कसेबसे तिसरीच्या पहिल्या बाकात शिरले, आणि बोट ठेवून वाचायला लागले.